स्टिअरिंग वर जाऊन बसलंय

महागड्या गाडीला स्वस्तातला आजार झालेला कुणालाच खपत नाही. मालकाला तर मुळीच नाही. स्कूटरचा प्लग गेला तर माणूस तो काढतो, पॅन्टला पुसतो, फुंकर मारून परत बसवतो आणि कामाला लागतो. पण गाडी जर्मन असली, आत चामड्याच्या सीट असल्या, आणि सेकंडहँड का होईना, पण चारचौघांत पेढे वाटून घेतलेली असली, की तिचा साधा फ्यूज उडाला हे वाक्य मालकाच्या घशाखाली उतरत नाही. फ्यूज? या गाडीचा? दहा रुपयांचा? त्याला काहीतरी लांबलचक नावाचं बिघडलेलं हवं असतं. शक्यतो इंग्रजी आद्याक्षरांचं, आणि परदेशातून यायला वेळ लागेल असं.

माझ्या मेहुण्याकडे अशी एक गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, जर्मन आहे एवढं पुरे. मेहुणाही ते नाव तोंडाने घेत नाही. हॉटेलात बसला की किल्ली टेबलावर ठेवतो, चिन्ह वर करून.

या गाडीचं स्टिअरिंग विजेवर हलतं. हलतं म्हणजे गाडी वळवायला फिरतं ते नव्हे, ते तर टेम्पोचंही फिरतं. हे अख्खं चाक, त्याच्या मागच्या दांड्यासकट, म्हणजे ज्याला स्टिअरिंग कॉलम म्हणतात त्याच्यासकट, वर-खाली आणि पुढे-मागे सरकतं. इंडिकेटरच्या दांडीखाली एक बोटभर लांबीची दांडी आहे. ती जिकडे ढकलाल तिकडे चाक जातं. शिवाय त्याला रीतभात शिकवलेली आहे. गाडी बंद करून दार उघडलं की चाक आपण होऊन वर उचललं जातं आणि पोटाला वाट करून देतं. परत बसून गाडी चालू केली की खाली येतं आणि आपल्या जागी थांबतं. गाडी घेतल्यावर पहिले काही दिवस मेहुणा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसता आत-बाहेर करत होता. बघायला माणसं जमायची.

चाकाने माणसाला वाट करून द्यावी ही हौस मूळची अमेरिकेची. फोर्डने १९६१ च्या थंडरबर्ड गाडीला असं चाक दिलं होतं की गिअर पार्कमध्ये टाकला की ते बाजूला, गाडीच्या मध्याकडे ढकलता यायचं. पुढे १९६५ मध्ये कॅडिलॅकने वर-खाली आणि पुढे-मागे अशी दोन्हीकडून सरकणारी चाकं काढली. आपल्याकडे त्या काळात फियाट आणि अँबॅसिडर होत्या. त्यांत चाक कारखान्याने जिथे बसवलं तिथे जन्मभर राहायचं, आणि गिअरची दांडीही त्या चाकामागेच असायची. बुटक्याने बुडाखाली उशी घ्यायची, उंचाने गुडघे आवरायचे, पोट असलेल्याने श्वास धरायचा. माझे सासरे, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, त्यांनी अशी फियाट वर्षानुवर्षं चालवली. गाडी माणसाप्रमाणे बदलते हे त्यांना अजून पटलेलं नाही. "माणसाला वळण लागलं पाहिजे," ते म्हणतात, "गाडीला कसलं?"

अण्णांना हे चोचले वाटतात, पण त्यात अर्थ आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि चाकाचा मध्य यांच्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर असावं असं सुरक्षावाले सांगतात, कारण एअरबॅग उघडते ती ठोसा मारल्याच्या वेगाने. मेहुणा सहा फुटी आणि त्याची बायको पाच फुटांच्या जरा आत. दोघांना एकच चाक एकाच जागी सोयीचं पडणं अशक्य. म्हणून दारावर १, २, ३ अशी बटणं आहेत. प्रत्येकाने आपली सीट, आरसे आणि चाक लावून ठेवायचं, बटण दाबलं की सगळं त्याच्या मापाला येतं. गाडी घरी आली त्या संध्याकाळी १ नंबर कुणाचा यावर नवरा-बायकोत जी चर्चा झाली तिचा तपशील मला ठाऊक नाही. मेहुणा २ नंबरवर आहे एवढं ठाऊक आहे. ३ नंबर अण्णांसाठी राखून ठेवला होता, पण त्यांनी आपलं माप देण्यास नकार दिला.

तर श्रावणातल्या एका सकाळी मेहुण्याच्या बायकोने गाडी चालू केली. सीट पुढे आली, आरसे वळले, आणि चाक वरच राहिलं. दांडी खाली ढकलली. चाक ढिम्म. पुढे-मागे मात्र व्यवस्थित सरकत होतं. ती तशीच ऑफिसला गेली. चाकाची कड नेमकी डोळ्यांसमोर, त्यामुळे रस्ता चाकाच्या मधून बघावा लागत होता आणि वेगाचा काटा अजिबात दिसत नव्हता. वेग कळत नसल्यामुळे ती नेहमीपेक्षा सावकाश गेली आणि नेहमीच्याच वेळेला पोचली. कर्वे रस्त्यावर याहून वेगळं काही होण्याची सोय नाही.

मेहुण्याने मला फोन केला. "दाजी, स्टिअरिंग वर जाऊन बसलंय."

मला बोलावण्याचं कारण एवढंच की मी कधीकाळी इंजिनिअरिंगला होतो. तेही सिव्हिलच्या शाखेला. पण मेहुणा कोथरूडला राहतो, आणि कोथरूडला वाहनांतलं कळण्यासाठी शिकावं लागत नाही. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली, देशातल्या गाड्या तपासणारी संस्था तिथल्या टेकडीवर आहे. लोक त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात आणि सकाळी तिथे फिरायला जातात. रोज त्या फाटकापर्यंत जाऊन आल्यामुळे माणसाच्या अंगात काय मुरतं कोण जाणे, पण खाली उतरेपर्यंत तो गाड्यांबद्दल अधिकारवाणीने बोलायला लागलेला असतो.

मी पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये टेकडीवरून परतलेली मंडळी उभीच होती. एका काकांचं निदान ठाम होतं: "पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली." स्टिअरिंग फिरवायला जड जातंय का, असं मी विचारलं. नाही, लोण्यासारखं फिरत होतं. मग ती मोटर कशी गेली असेल? चाक फिरवायला मदत करणारी मोटर वेगळी आणि कॉलमची जागा बदलणारी मोटर वेगळी, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "तुम्ही सिव्हिलचे ना?"

दुसऱ्यांचं मत उंदरांवर गेलं. पुण्यात गाडीचं काहीही बिघडलं तरी उंदरांवर एक मत जातंच, आणि बऱ्याच वेळा ते खरंही निघतं. पार्किंगमधल्या गाडीच्या वायरी कुरतडून उंदरांनी या शहरात किती संसारांची बजेटं कोलमडवली असतील याची गणती नाही. पण उंदीर फक्त वर-खालीच्या वायरी खातो आणि पुढे-मागेच्या सोडतो, हे काही पटण्यासारखं नव्हतं. तिसऱ्याने सॉफ्टवेअर म्हटलं. हल्ली ज्याला काहीच म्हणायचं नसतं तो सॉफ्टवेअर म्हणतो.

वॉचमनने मात्र कुणी न विचारता सांगितलं, "साहेब, बॅटरीची वायर काढून परत लावा." हा इलाज देशभर चालतो. काही वेळा लागूही पडतो, म्हणून तर धोका. नव्या गाड्यांमध्ये चाक वर किती आणि खाली किती जाऊ शकतं याच्या हद्दी एका छोट्या कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेल्या असतात. काही गाड्या बॅटरी काढली की हे शिकलेलं विसरतात, आणि मग एका बिघाडाचे दोन होतात. मेहुण्याने बॅटरी काढली नाही. त्याला इलाज फार स्वस्त वाटला.

म्हणून गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथली कॉफी चांगली असते. सर्व्हिस अॅडव्हायजर हातात टॅब घेऊन आला. त्याने दांडी एकदा खाली दाबली, एकदा वर दाबली आणि म्हणाला, "सर, कॉलम असेंब्ली चेंज करावी लागेल." एस्टिमेट सहा आकडी होतं, जीएसटी वेगळा. आतलं जे बिघडलंय तेवढंच बदलता येणार नाही का, असं मी विचारलं. "चाइल्ड पार्ट येत नाही सर. असेंब्लीच येते." नेमकं काय बिघडलंय, हे विचारल्यावर तो जरा गडबडला. असेंब्लीच बदलायची म्हटल्यावर ते शोधायची गरज कुणाला भासते? अण्णा सोबत होते. त्यांनी एकच प्रश्न केला: "जुना कॉलम आम्हाला परत मिळेल ना?"

मेहुणा मात्र बाहेर पडताना प्रसन्न होता. सहा आकडे ऐकून त्याच्या पोटात गोळा आला होता हे खरं, पण आजार गाडीच्या इभ्रतीला साजेसा निघाला होता. संध्याकाळपर्यंत त्याने चार नातेवाइकांना फोन करून ती रक्कम सांगितली. प्रत्येक फोनला आवाजात थोडी थोडी व्यथा वाढत होती आणि रक्कमही.

पैसे खर्च करायची वेळ आली तसा तो आणखी मतं घ्यायला तयार झाला. आधी घरचंच मत. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ऑनलाइन मागवलेलं काडेपेटीएवढं एक यंत्र डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खोचलं, मोबाइलला जोडलं आणि जाहीर केलं की गाडीत काहीही दोष नाही. त्याचं चुकलं नव्हतं. ही स्वस्तातली यंत्रं बहुतेक इंजिनाशीच बोलतात, कारण तो सॉकेट मुळात इंजिनाचा धूर तपासण्यासाठी सक्तीचा झाला. इंजिन ठणठणीत होतं. कॉलमचं कंट्रोल युनिट निराळ्या भाषेत बोलतं आणि ती कळायला निराळा स्कॅनर लागतो.

तसा स्कॅनर असलेला एक तरुण मग घरी आला. पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप, खिशात पेचकस नाही. हल्ली निदान करणाऱ्यांमध्ये ही एक नवी जात निर्माण झाली आहे, गाडीला हात न लावणारी. त्याच्या पडद्यावर मात्र फार सुंदर गोष्टी दिसत होत्या. मेहुण्याने दांडी खाली दाबली की पडद्यावर यायचं: स्विच, होय. मोटरला हुकूम, होय. कॉलमची जागा, बदल नाही. आणि शेवटी दोषाचा कोड: पोझिशन सेन्सर, सिग्नल अविश्वसनीय.

"सेन्सर गेला," तरुण म्हणाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्म्या देशाचे पैसे या एका वाक्यात जातात. पोझिशन सेन्सर म्हणजे कॉलम आत्ता कुठे आहे हे कंट्रोल युनिटला कळवणारा. या गाडीत तो मोटरपाशी नसून सरकणाऱ्या भागाच्या बाजूला आहे. आता नीट बघा. युनिटने मोटरला हुकूम दिला, खाली ये. मग सेन्सरला विचारलं, आला का? सेन्सर म्हणाला, नाही, जिथल्या तिथेच आहे. युनिटने पुन्हा विचारलं, मी तर हुकूम दिलाय! सेन्सर म्हणाला, तरी नाही आला. कॉलम खरोखरच आलेला नव्हता, हे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दहा माणसांना दिसत होतं. सेन्सर तेच सांगत होता. पण आपण हुकूम दिल्यावर तो पाळला गेला नसेल ही शक्यता युनिटच्या डोक्यातच बसेना. त्याने लिहून ठेवलं, साक्षीदार विश्वासार्ह नाही. अख्ख्या गाडीत खरं बोलणारा एकटा तो, आणि कोड पडला त्याच्याच नावावर. दोषाचा कोड तक्रार कुणाकडून आली ते सांगतो. गुन्हेगार शोधायचं काम त्यानंतर सुरू होतं. हे मी त्या तरुणाला समजावू लागलो तेव्हा तो लॅपटॉप बॅगेत भरत होता. "सेन्सर मोटरसोबतच येतो सर," तो म्हणाला. "आणि मोटर कॉलमसोबत."

मेहुण्याचा चेहरा पुन्हा उजळला.

मग आला वायरमन. आमच्याकडे गाडीची वायरिंग बघणाऱ्याला वायरमनच म्हणतात. हा जुना माणूस, उभी हयात ट्रकचे हॉर्न जोडण्यात गेलेली. त्याच्याकडे मीटर होतं, पण त्याने ते पिशवीतून काढलंच नाही. दोन वायरी लावलेला हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला. त्यामागचं शास्त्र मोठं नामी आहे. मीटर लावून बघितलं तर कुजलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर तिच्याकडून काहीच काम करून घेत नाही. नुसतं बसवून ठेवलं तर ऑफिसातला कुठलाही माणूस कार्यक्षम दिसतो. फाइल पुढ्यात ठेवली की कळतं. बल्ब पेटवायचा तर करंट लागतो. मग गंजलेला अर्थ, सैल पिन, अर्धवट कुरतडलेली वायर, यांची सोंगं क्षणात गळून पडतात. त्याने मोटरचं कनेक्टर काढलं, तिथे बल्ब लावला आणि मेहुण्याला दांडी दाबायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. दोन सेकंदांनी विझला. पुन्हा दाबली, पुन्हा दोन सेकंद.

एवढ्या एका बल्बने फ्यूज, स्विच, वायरी, अर्थ, उंदीर आणि सॉफ्टवेअर, सगळे निर्दोष सुटले. इथपर्यंत वायरमनचं काम बावनकशी होतं. पण त्याने पुढचं पाऊल टाकलं. कनेक्टर परत मोटरला लावलं, दांडी दाबली, चाक हललं नाही. "वीज येते, हालत नाही. मोटर जळाली."

आता चाक हललं नाही याचा अर्थ मोटर हलली नाही असा होत नाही. मोटर चालू झाल्याचा आवाज ऐकू आला असता तर हे कळलं असतं. पण वायरमनला हॉर्नांमुळे बारीक आवाज ऐकू येत नव्हते. मेहुण्याला ऐकू येतात, पण तो गाडीत बसला की एसी आणि गाणी दोन्ही चालू करतो, तक्रार तपासायला बसला तरी. आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येण्याची शक्यता नव्हती, कारण गणपती तोंडावर आले होते आणि नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होता. त्या दिवसांत पुण्यात इंजिनाचा आवाजही ऐकून नव्हे, बघून ओळखावा लागतो.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी न्यायला मेहुणा आधीपासून नाराज होता. हा मिस्त्री माझी जुनी मारुती बघतो. "दाजी, त्याने अशी गाडी कधी उघडली असेल का?" त्याने कुजबुजत विचारलं. मिस्त्रीने ते ऐकलं असावं, कारण त्याने गाडीकडे न बघता आधी हातातला चहा संपवला.

मग तो आत बसला आणि म्हणाला, "सगळं बंद करा." एसी बंद, गाणी बंद, काचा वर. मेहुणा काहीतरी सांगायला लागला, त्यालाही बंद केलं. मिस्त्रीने डावा हात कॉलमच्या खालच्या बाजूला सपाट ठेवला, वैद्य नाडीवर ठेवतो त्या गंभीरपणाने नव्हे, उगाच टेकवल्यागत, आणि उजव्या हाताने दांडी दाबली.

घर्रर्र. दोन सेकंद. मग बंद.

"मोटर फिरतीये," मिस्त्री म्हणाला.

खरं निदान इथे संपलं होतं. बाकी सगळं स्क्रू काढणं. आवाजच आला नसता तर विजेच्या मागे लागायचं: फ्यूज, स्विच, वायर. आवाज येऊन चाक थोडंसं हलून अडकलं असतं तर कुठेतरी काही अडकलंय का बघायचं, नाहीतर बॅटरी तपासायची. व्होल्टेज पडलं की काही गाड्या इंजिनासाठी वीज राखून आधी असल्या ऐषआरामाची कामं बंद करतात. दांडीने हललं असतं पण १-२-३ बटणांनी नाही, तर आठवणीचा घोटाळा. आणि आवाज येतो पण काहीच हलत नाही, म्हणजे मोटर जे फिरवतेय ते पुढे पोचत नाही. युनिट दोन सेकंद वाट बघतं, सेन्सर प्रामाणिकपणे नाही म्हणतो, आणि युनिट मोटर बंद करतं. सर्व्हिस सेंटर, स्कॅनर आणि बल्ब यांनी जे जे पाहिलं ते सगळं त्या एका घर्रर्रमध्ये बसत होतं.

खालचं झाकण काढण्याआधी मिस्त्रीने बॅटरीची तार सोडवली आणि आणखी एक चहा मागवला. मेहुणा घड्याळ बघत होता. पण हा चहा कामाचाच भाग होता. स्टिअरिंगच्या आत एअरबॅग असते, आणि तिच्या युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ वीज साठून राहते. कॉलमखाली हात घालताना पिवळी कनेक्टरं दिसली की ती एअरबॅगची. त्यांत बल्ब खुपसायचा नाही, मीटर लावायचं नाही. "पिवळ्याला हात लावला तर चाक तोंडावर येतं," मिस्त्री पोऱ्याला म्हणाला. पोऱ्याने हात खिशात घातले.

झाकण निघालं. कॉलमच्या पोटाशी मुठीएवढ्या दोन मोटरी. मोटर एक लांब आट्यांचा स्क्रू फिरवते, त्यावरची नट सरकते आणि नटेबरोबर कॉलम. आटे अशा उताराचे असतात की मोटर स्क्रूला फिरवू शकते, पण चाकावर भार टाकून स्क्रू उलटा फिरवता येत नाही. म्हणूनच वीज नसली तरी चाक धाडकन मांडीवर पडत नाही, आणि म्हणूनच मेहुण्याची बायको इतके दिवस बिनघोर गाडी चालवू शकली. मोटर आणि स्क्रू यांच्यामध्ये मात्र एक जोड होता. प्लास्टिकचा, पेराएवढा. पुण्याच्या उन्हाळ्यांत डॅशबोर्डखाली भाजून निघालेला. मिस्त्रीने बोट लावलं तर त्याचे दोन तुकडे आणि चिमूटभर भुगा हातात आला.

मेहुणा त्या भुग्याकडे बघत राहिला. "एवढंच?"

"एवढंच."

"पण सहा आकडी..."

"ते त्यांचं. हे आपलं."

मिस्त्रीने पेट्रोलच्या रबरी नळीचा इंचभर तुकडा कापला, एका बाजूने मोटरच्या दांड्यावर, दुसऱ्या बाजूने स्क्रूवर चढवला आणि दोन क्लिपांनी आवळला. बॅटरी लावली, दांडी दाबली. चाक खाली आलं. वर गेलं. पुन्हा खाली आलं. मोटर निर्दोष, सेन्सर निर्दोष, युनिट निर्दोष. हा तुकडा दुरुस्ती म्हणून नव्हता, पुरावा म्हणून होता. पक्का जोड भोसरीच्या एका लेथवाल्याने जुन्याच्या मापाने नायलॉनचा करून दिला. जर्मनीत न मिळणारा चाइल्ड पार्ट भोसरीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, तोही "सहा करू का साहेब, रेट कमी पडेल" या आग्रहासकट.

जोड बसल्यावर मिस्त्रीने चाक एकदा पार वर, एकदा पार खाली नेऊन थांबवलं, म्हणजे युनिटला आपल्या हद्दी पुन्हा कळाव्यात. १ आणि २ ही बटणं पुन्हा भरून घ्यावी लागली. मेहुणा सीटवर आधी बसला होता, त्यामुळे १ नंबर आपला करायची त्याला उत्तम संधी होती. त्याने बोट त्या बटणापर्यंत नेलंही होतं. मग ते २ वर गेलं.

हात पुसता पुसता मिस्त्रीने सहज विचारलं, "चाक वर जाताना कुणी त्याला धरून गाडीतून उतरतं का? सगळा भार देऊन?"

गॅरेजमध्ये शांतता पसरली. मेहुणा छताकडे बघायला लागला. मी मारुतीच्या टायरमधली हवा तपासायला लागलो. अण्णा स्टुलावर बसले होते, दोन्ही हात काठीवर ठेवून.

"फियाटला काही होत नव्हतं," अण्णा म्हणाले.

विषय तिथेच मिटला. सासऱ्यांपुढे पुरावे मांडायचे नसतात.

गाडी घरी आली तशी पार्किंगमधली मंडळी पुन्हा जमली. मेहुण्याने दार उघडून दाखवलं. चाक वर गेलं, खाली आलं. "काय निघालं शेवटी?" काकांनी विचारलं. "मोटर ना?" मेहुण्याने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाला, "ड्राइव्ह युनिट." काका समाधानाने मान हलवत गेले. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं तेव्हा युनिटला कोडिंग करावं लागलं होतं. पाचव्या मजल्यापर्यंत पार्ट बाहेरून आला. हे खोटंही नव्हतं. कोथरूडच्या मानाने भोसरी बाहेरच.

रविवारी मिस्त्री पैसे घ्यायला आला. खिशातून बिलबुक काढलं, कार्बन सरळ केला आणि विचारलं, "काय लिहू? नायलॉनचा तुकडा, एक नग?"

"छे!" मेहुणा दचकून म्हणाला. "असं लिहा. स्टिअरिंग कॉलम टिल्ट ड्राइव्ह असेंब्ली, ओव्हरहॉल आणि कॅलिब्रेशन."

मिस्त्रीने ते पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं, लिहिलं आणि पेन रकमेच्या रकान्यावर आणून थांबवलं. "साहेब, पंधराशे म्हणणार होतो. पण एवढ्या नावापुढं पंधराशे लिहिलं तर बिल खोटं वाटंल."

"मग किती?"

"चार तरी पाहिजेत."

मेहुण्याने एका शब्दाची घासाघीस न करता चार हजार मोजून दिले.